उमरेडला जाऊन चहा पिऊन या

त्या माणसाने माझं नेमकं काय वाकडं केलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण काहीतरी केलं, एवढं नक्की. धंद्यात मला पुष्कळांनी फसवलं. त्यांच्यावर किती रागवायचं आणि कुठे थांबायचं, हे मला कळतं. या माणसाचा राग मात्र कोणत्या बाजूने धरावा तेच समजत नाही. धरायला गेलं तर हाताला काही लागत नाही, आणि सोडून द्यावा म्हटलं तर सुटत नाही.

मी उमरेडच्या विणकराच्या घरातला. बापाचा एक माग होता आणि खाणारी तोंडं सहा. बाप गेल्यावर सायकलच्या कॅरिअरला लुगड्यांचा गठ्ठा बांधून मी गावोगाव फिरलो. पुढे नागपुरात इतवारीत दुकान टाकलं, ते कोणाच्या उपकारावर नाही, स्वतःच्या जिभेवर. माझ्याशी भाव करायला आलेलं गिऱ्हाईक घाम पुसत जायचं. बाजारात मला शेठ म्हणत.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून भोळा. डॉक्टरने कागदावर 'मतिमंद' असं लिहिलं होतं, पण घरात आम्ही भोळाच म्हणत असू. अंगाने धट्टाकट्टा. बापाच्या मागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायचा, आणि त्या अशा एकसारख्या भरायचा की शहाणे विणकर हातात घेऊन बघत. बाकी सगळं त्याला हाताने धरून करून द्यावं लागे. आई जाताना माझा हात धरून म्हणाली, "याले तुझ्या ताटाजवळ बसवजो गा. दुसऱ्याच्या दारात नको जाऊ देऊ." मी हो म्हणालो. माझा शब्द बाजारात चालतो, तो आईपाशी चालला नाही असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

आई गेल्यावर मी त्याला नागपूरला आणलं. तो दिवसभर दुकानात बसायचा. एकदा एक बाई लुगडं घ्यायला आली. मी किंमत सांगितली, ती अर्ध्यावर आली, मी शपथ घेऊन म्हणालो, बाई, एवढ्याला तर माझीच खरेदी नाही. मागून आमचे बंधू बोलले, "दादा, तुम्ही तं हे याच्यापेक्षा कमीले आणलं. मी होतो न तुमच्यासंगं." ती बाई हसली. शेजारचे दोन दुकानदार आठवडाभर हसत होते. मी त्याला दुकानामागच्या खोलीत बसवायला लागलो. तिथे तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. मग कोणीतरी सांगितलं, हुडकेश्वरच्या रस्त्यावर एक म्हातारा आहे, तो अशांना शिकवतो. मला वाटलं, सहा महिन्यांत शिकवून देईल, मग दुकानात गप्प बसवता येईल.

सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. रेल्वेत गार्ड होते म्हणे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी बँडमध्ये ढोल वाजवायचो." दुसऱ्या खेपेला विचारलं, तर म्हणाले, "मी काहीच करत नसे, घरचं होतं." त्यांना बायको होती की नव्हती, मूल होतं की नव्हतं, हा धंदा त्यांनी का काढला, यातलं काहीही मला कधी कळलं नाही. उंच, वाळलेले, साठीच्या पुढचे. बाराही महिने खाकी कोट, आणि काखेत छत्री. नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा ती छत्री मी उघडलेली पाहिली नाही.

पहिल्या दिवशी मी भावाला घेऊन गेलो. गार्डसाहेब माझ्याकडे न बघता त्याच्यासमोर उभे राहिले.

"अहो, तुम्ही कशासाठी आलात?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, त्याले काय विचारता? मी सांगतो न."

"तू जरा गप्प बस."

मी छत्तीस वर्षांचा, दुकानाचा मालक. मला तू, आणि ज्याला स्वतःची नाडी बांधता येत नव्हती त्याला अहो! त्यांच्याकडे पाचसहा जण होते, विशी-पंचविशीतले, सगळे असेच. त्या सगळ्यांना ते अहो-जाहो करत आणि त्यांच्या आईबापांना सरसकट अरे-तुरे. एक कॉलेजातले प्राध्यापक येत, त्यांनाही "अरे, चपला बाहेर काढ." मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "यांना आयुष्यात कोणी अहो म्हटलं नाही. तुम्हा लोकांना फार जणांनी म्हटलंय."

त्या पहिल्या दिवशी भाऊ शेवटी म्हणाला, "दादानं आनलं."

"ते दिसलं मला. तुम्ही कशासाठी आलात?"

भाऊ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. तरी त्यांनी ठेवून घेतलं. फीबद्दल मी बोलणी सुरू केली, तसे ते म्हणाले, "फी नाही. घरातली एक बिघडलेली वस्तू आणून दे." मला ही चेष्टा वाटली. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचा एक जुना स्टोव्ह नेला. त्यांनी तिथल्या तिथे पेटवून पाहिला आणि परत केला. "हा तर चालतो. बिघडलेला आण."

हळूहळू कळलं, ते सगळं घरच बिघडलेलं होतं. पुढच्या दाराची कडी वर ओढून, खांदा लावल्याशिवाय निघत नसे. न्हाणीतला नळ गळायचा. स्वयंपाकघरातला दिवा दोनदा ठोकल्यावर लागायचा. जिन्याची तिसरी पायरी हलायची. मला वाटलं, बिचाऱ्यापाशी पैसा नसेल. मनात दया आली, आणि मला दया क्वचित येते. एका रविवारी ते बाहेर गेलेले असताना मी ओळखीचा प्लंबर नेला, त्याच्याशी घासाघीस करून नवा नळ बसवून घेतला. घरी येऊन बायकोला म्हणालो, चांगलं काम झालं.

पुढच्या रविवारी गेलो तर गार्डसाहेब न्हाणीत पाना घेऊन उकिडवे बसले होते आणि माझा नवाकोरा नळ ढिला करत होते. थेंब थेंब पाणी गळायला लागलं, तेव्हा समाधानाने उठले.

"काहून जी?" मी ओरडलो. "चांगल्या नळाचं वाटोळं काहून केलं?"

"अरे, उद्या यांना जी खोली मिळेल, तिचा नळ गळका नसेल असं तू मला लिहून देतोस का?"

मी खोलीबद्दल बोलतच नव्हतो. माझा भाऊ माझ्या घरी राहणार होता, आणि माझ्या घरचे नळ ठणठणीत होते. पण हे त्यांना सांगायचं त्या वेळी मला सुचलं नाही. त्यांच्यासमोर मला नेमकं काही सुचत नसे. दुकानात माझी जीभ तलवारीसारखी चालायची आणि त्या ओसरीवर पाय टाकला की म्यान व्हायची.

रविवारी घरच्यांना यायची मुभा होती, पण एका अटीवर. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. शाळेतल्या पोरांसारखे आम्ही मोठी माणसं हात मागे घेऊन भिंतीला टेकून उभे असू, आणि समोर आमची माणसं चुका करत. दूध उतू जायचं. कोणाचा सदरा उलटा असायचा. माझ्या भावाने एकदा भाताच्या पातेल्यात पाणीच घातलं नाही. जळका वास आला, मी पुढे झालो, तशी गार्डसाहेबांनी छत्री आडवी धरली.

"अवो, जळून राहिलं न ते!"

"दिसतंय."

"मंग सांगा न त्याले!"

"नाकाला वास येतोय त्यांच्या. घाई कोणाला आहे?"

भावाने पातेल्यात डोकावून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग स्वतःच स्टोव्ह बंद केला. त्या दिवशी सगळ्यांनी जळका भात खाल्ला, मलाही वाढला. गार्डसाहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

तिथे एक मुलगा होता, त्याला रस्त्याची भयंकर भीती. सक्करदऱ्याच्या चौकात गार्डसाहेब त्याला घेऊन जात आणि दोघं रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहत. सकाळी नऊला उभे, अकराला परत. पाच दिवस हेच. मी दुकानात जाताना बघायचो. सायकली, टांगे, ट्रक जात होते आणि हे दोघं देवळातल्या मूर्तींसारखे उभे. सहाव्या दिवशी तो मुलगा एकदम चालायला लागला आणि पलीकडे पोचला. मग परत अलीकडे आला. मग परत पलीकडे गेला. असं दुपारपर्यंत चाललं होतं म्हणतात. गार्डसाहेब कडेच्या दगडावर बसून शेंगदाणे खात होते. हा माणूस वेडा आहे की दुसरं काही आहे, याचा निकाल मला त्या दिवशी लावता आला नाही, आणि पुढेही कधी लागला नाही.

दीड वर्ष झालं. भाऊ स्टोव्ह पेटवायला शिकला, कपडे धुवायला शिकला, किराणा आणायला लागला. मी चारदा म्हणालो, आता घरी नेतो. दर वेळी एकच उत्तर, "त्यांना विचार." मी भावाला विचारलं की तो म्हणे, "अजून उमरेड राह्यलं."

उमरेड म्हणजे तिथली शेवटची परीक्षा होती. प्रत्येकाला एकट्याने एसटीने कुठेतरी जाऊन यावं लागे. कोणाला बुटीबोरी, कोणाला आणखी कुठे. माझ्या भावाला आमचंच गाव मिळालं होतं. गार्डसाहेबांचा हुकूम एवढाच, "उमरेडला जाऊन चहा पिऊन या."

मला रात्रभर झोप लागली नाही. एसटीच्या स्टँडवर चांगल्या माणसाची चुकामूक होते. हा कुठे उतरला, कोणी काही पाजलं, कोणी पळवून नेलं, तर आईला काय तोंड दाखवणार? आणि मी तर आयुष्यभर हेच शिकलो होतो की कोणतंही काम देवावर सोडायचं नाही, आधी जाऊन माणूस बांधून ठेवायचा. आठच्या गाडीचा कंडक्टर माझ्या गिऱ्हाइकातला. त्याला गाठून म्हणालो, "माझा भाऊ येऊन राहिला तुझ्या गाडीत. त्याच्यावर ध्यान ठेव आन् उमरेड आलं का उतरून दे." तो म्हणाला, "बेफिकीर राहा शेठ." मग भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पाह्य, कंडक्टर माझ्या ओळखीचा हाये. तो म्हणन तेव्हाच उतर. त्याच्या आधी जागचं हालू नको. आन् साहेबाले सांगू नको."

त्याने मान हलवली.

दुपारी एकपर्यंत तो यायला हवा होता. मी तीन वाजता स्कूटरने हुडकेश्वरच्या रस्त्यावरच्या त्या घरी पोचलो. भाऊ आलेला नव्हता. गार्डसाहेब ओसरीवर बसून मटारच्या शेंगा सोलत होते.

"आला नाही?"

"नाही."

"मंग तुम्ही असे काहून बसले? चला न पाह्याले!"

"कुठे बघणार तू? येतील ते."

"दोन घंटे झाले जी!"

"चहा आवडला असेल. दुसरा घेतला असेल."

माझा तोल गेला. जे तोंडात येईल ते बोललो. म्हणालो, तुम्हाला स्वतःचं कोणी नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकरांशी खेळता. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. त्या शांतपणाने मी आणखी पेटलो आणि ओरडलो, "मी त्या कंडक्टरले इतकं पक्कं सांगून ठेवलं होतं, तरी असं झालंच कसं!"

गार्डसाहेबांचा हात थांबला.

"काय सांगून ठेवलं होतंस?"

मी सांगितलं. भावाला काय बजावलं तेही सांगितलं. ते उठले, तशी मांडीवरची वाटी पडली आणि दाणे ओसरीभर गेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दीड वर्षात मी त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. चपला न घालता ते रस्त्यावर आले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

"चल."

"आता काहून? आतापर्यंत तं येतील म्हणत होते."

"ते एकटे गेले असते तर आले असते. आता तू बरोबर गेलायस. चल लवकर."

उमरेडपर्यंत त्यांच्या काखेतली छत्री मला बरगडीत टोचत होती आणि मी मनात आईला शब्द देत होतो की हा एकदा सापडू दे, मग पुन्हा माझ्या ताटाजवळून उठू देणार नाही.

उमरेडच्या स्टँडवर चौकशी केली. आठच्या गाडीवर आज माझा ओळखीचा कंडक्टर नव्हताच. त्याची ड्युटी बदलली होती. गाडी पुढे भिवापूरला गेली होती. मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. ते बाकावर बसले होते, अनवाणी, धुळीने पाय पांढरे झालेले. मी एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या वेळी मला कोणावर ओरडावं ते कळेना.

तेवढ्यात भिवापूरहून येणारी गाडी स्टँडात शिरली. पुढच्या खिडकीत भाऊ बसला होता. मांडीवर मिरच्यांनी भरलेली पिशवी.

"दादा," तो खाली उतरून म्हणाला, "तुम्ही इथं काय करून राहिले?"

मी त्याला धरून हलवलं. "उमरेड दिसलं नाही का तुले? जन्म गेला न तुझा इथं!"

"दिसलं न. मारुतीचं देऊळ दिसलं, आपली गल्ली बी दिसली. पण तुम्ही सांगतलं होतं न, कंडक्टर म्हणन तेव्हाच उतर. त्यानं म्हटलंच नाही."

"मंग?"

"मंग भिवापूर आलं. तो म्हणे, उतरा सगळे. मी उतरलो. तिथं तुम्ही काही सांगून ठेवलं नव्हतं. मंग मी बसलो. मंग मीच ठरवलं."

काय ठरवलं, तर मिरच्या विकायला आलेल्या एका बाईची पोती त्याने गाडीच्या टपावरून उतरवून दिली, आणि तिलाच विचारलं की नागपूरची गाडी कोणती. ती गाडी साडेतीनला होती. तोवर तो तिच्याजवळच बसला. तिने पिशवीभर मिरच्या दिल्या. हे त्याने अगदी सावकाश सांगितलं, मध्ये मध्ये थांबून. गार्डसाहेबांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, परत पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

मग त्यांनी विचारलं, "चहा प्यायलात?"

"नाही. इथं प्याचा होता न."

दोघं स्टँडावरच्या टपरीवर गेले आणि चहा पिऊन आले. मला कोणी बोलावलं नाही. मी भावाला म्हणालो, "चाल, बस मागं स्कूटरवर." तो म्हणाला, "मी गाडीनं येतो. माझं तिकीट नागपूरचं हाये." गार्डसाहेबही गाडीत चढले. त्याच्याजवळ नाही, सगळ्यात मागच्या बाकावर बसले. आणि मी, इतवारीतला शेठ, त्या एसटीच्या मागे मागे धूर आणि धूळ खात नागपूरपर्यंत स्कूटर चालवत आलो. आजही उमरेड रोडला लागलो की घशाशी तो धूर येतो.

त्यांच्या घरी पोचल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "तीन महिने इकडे यायचं नाहीस." मी कारण विचारलं. "हे तुझ्यासाठी नाही," ते म्हणाले, "माझ्यासाठी आहे. मी फार घाबरलो होतो."

याचा अर्थ काय? मी कितीदा उलटसुलट करून पाहिलं. माझ्या चुकीची शिक्षा म्हणावी, तर तसं ते म्हणाले नाहीत. स्वतःची चूक म्हणावी, तर बंदी मला का?

तीन महिन्यांनी गेलो तर भाऊ तिथे नव्हता. गोळीबार चौकाकडच्या एका विणकराकडे कांड्या भरायला लागला होता, आणि त्याच गल्लीत त्याने एक खोली घेतली होती. सोबत तो रस्त्याला भिणारा मुलगा. मी तसाच रिक्षा करून तिथे गेलो, त्याची ट्रंक रिक्षात घालून घरी न्यायचीच या तयारीने. खोलीत एक बाज, दोन ताटं, खुंटीवर सदरे. भाऊ कांदा चिरत होता.

"चाल घरी," मी म्हणालो. "आईले शब्द देल्ला हाये मी."

"मले नाई येत, दादा."

"काहून? काय कमी हाये आपल्या घरी?"

"कमी काई नाई. तिथं काई कराले नाई."

मी रागावलो, समजावलं, आईची आठवण काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्याचं होतं की आईचं, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी मी धंद्यावर आलो. म्हणालो, "बरं, राहा इथं. पण दर रविवारी माझ्या घरी जेवाचं."

"एका आड एका रविवारी."

"दर रविवारी. आन् सणासुदीले."

"सणाले येईन. रविवार एका आड एक."

"काहून गा? काय काम राह्यते तुले रविवारी?"

तो कांदा चिरत, दुसरीकडे बघत राहिला. भाव सांगायचा आणि नजर काढून घ्यायची, मग समोरचा आपोआप खाली येतो. ही युक्ती माझी होती. दुकानामागच्या खोलीत बसून भिंतीकडे बघणाऱ्या माणसाने ती कधी ऐकून ठेवली होती देव जाणे. मीच खाली आलो आणि म्हणालो, "ठीक आहे. एका आड एक."

तिथून मी तडक गार्डसाहेबांकडे गेलो, भांडायलाच. म्हणालो, माझा भाऊ नेला तुम्ही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सौदा कशावर ठरला?"

"एका आड एक रविवार."

"महाग पडलं," ते म्हणाले, आणि आत निघून गेले. कोणाला महाग पडलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला ते पंधरा दिवसांनी, रविवारी जेवताना भावाकडून कळलं. त्यांना खांदा याच लोकांनी दिला होता. रस्त्याने ट्रक येत होते, तर हे थांबत थांबत गेले म्हणे. मी विचारलं, मला का नाही कळवलं? भाऊ म्हणाला, "तुमचा रविवार नव्हता."

त्याच वर्षी दिवाळीला तो चार दिवस राहायला आला. माझ्या पोरांसोबत फटाके उडवले, वहिनीला अनारसे तळून दिले. माझ्या ताटाशेजारी त्याचं ताट होतं. मला वाटायला लागलं, आता हा राहतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पिशवी भरली. मी बसस्टॉपपर्यंत गेलो.

"दादा, तुम्ही जा आता."

"बस येऊ दे."

"तुम्ही जा."

मी निघालो, पण घरी गेलो नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्याच्या आडोशाला उभा राहिलो. पानवाला म्हणाला, "काय शेठ, पान लावू का?" मी त्याला हातानेच गप्प केलं.

बस आली. पाटी बरोबर होती, गर्दी नव्हती. ती थांबली, दोन माणसं चढली, कंडक्टरने घंटी मारली आणि बस गेली. भाऊ चढला नाही. तो पिशवी हातात घेऊन उभा होता आणि आमच्या गल्लीकडे बघत होता. माझा पाय पुढे पडला. हाक अगदी ओठांवर आली होती. ती का मारली नाही, ते मला सांगता येत नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी दुसरी बस आली. तो चढला आणि खिडकीजवळ बसला.

पहिली बस त्याने का सोडली? नुसतंच चुकलं की मनात काही आलं? गार्डसाहेब असते तर जाऊन विचारलं असतं, आणि ते म्हणाले असते, "त्यांना विचार." तेही खरंच आहे. तो एका आड एका रविवारी येतो, समोर बसून जेवतो, विचारायला कितीसा वेळ लागतो? दोनदा मी तोंड उघडलंही. पण त्याला खोटं बोलता येत नाही. जे असेल ते तो सरळ सांगून टाकेल, आणि दोन्हींतलं कोणतं उत्तर मला हवं आहे, ते माझं अजून ठरलेलं नाही.